पाहुणे येणार आहेत

सांगलीतल्या विश्रामबागेत अनंत आगाशे यांचं दुमजली घर आहे. खाली ते आणि त्यांच्या पत्नी विनोदिनी राहतात. वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत, अशी पाटी फाटकावर उन्हाळ्यापासून लटकत होती. दिवाळी जवळ आली तरी खोल्या रिकाम्याच होत्या. विचारणारे येत नव्हते असं नाही. दर दोन-चार दिवसांनी फोन वाजायचा आणि अनंतराव चष्मा कपाळावर चढवून अगदी गोड आवाजात बोलायचे.

"हो हो, रिकाम्या आहेत ना. पाण्याची अडचण नाही. आपण कुठं कामाला? वा! घरात माणसं किती? छान, छान. बरं, आडनाव काय म्हणालात?"

पलीकडून आडनाव यायचं.

"अरेरे! कालच फोन करायला हवा होतात हो. आमच्या पाहुण्यांकडूनच निरोप आलाय, त्यांना द्यायच्या ठरल्या खोल्या. नाहीतर तुम्हालाच दिल्या असत्या!"

फोन ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची छटाही नसायची. उलट आपण कुणाला तोडून बोललो नाही, याचं समाधानच असायचं. कुणी थेट दारात आलं तर ते त्याला खुर्ची द्यायचे, विनोदिनीबाईंना आवाज द्यायचे, कोकम सरबत यायचं. सरबत पिऊन होईतो आडनाव कळलेलं असायचं आणि पाहुण्यांचा निरोपही आलेला असायचा.

विनोदिनीबाई ग्लास उचलून आत न्यायच्या.

अनंतराव जन्मभर विमा कंपन्यांसाठी सर्व्हेयर म्हणून फिरले. ठोकलेल्या गाड्या, जळालेली दुकानं, भिजलेली हळदीची पोती त्यांनी पाहिली ती सगळी एकाच नजरेनं, हा माणूस खोटं तर बोलत नाही ना? निवृत्त झाले, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यानं माप कमी घातलं का, मुलगा फोनवर काही लपवतोय का, शेजारी आपल्याबद्दल काय बोलतात, हे सगळं ते मनातल्या मनात तपासत राहायचे.

एके दिवशी सकाळी शेजारचे दिग्विजय फाटकाशी आले. त्यांचं टाइल्सचं दुकान होतं आणि सकाळी बागेत जमणाऱ्या मंडळींत विनोद सांगणारे म्हणून त्यांचं नाव होतं.

"आगाशेकाका, तुम्ही फेमस झालात की!" असं म्हणत त्यांनी मोबाइल पुढं केला.

पडद्यावर एक चष्मेवाली तरुणी माइक हातात घेऊन उभी होती. स्टँड-अप म्हणतात ते. एकट्यानं उभं राहायचं आणि समोरच्यांना हसवायचं. ती म्हणत होती,

"मी सांगलीत नोकरीला होते तेव्हा खोली शोधत फिरायचे. तेव्हा मला कळलं, सांगलीइतके पाहुणे जगात कुठं नाहीत! ज्या घरी जावं त्या घरी आदल्याच दिवशी पाहुण्यांचा निरोप आलेला. सहा महिन्यांनी त्याच रस्त्यानं जावं तर पाटी तिथंच! मला त्या पाहुण्यांची काळजी वाटते हो. निघालेत कधीचे, पोचत का नाहीत? एस.टी. चुकली का? पण काका लोक प्रेमळ हं. खोली देत नाहीत, सरबत देतात. एका रविवारी मी इतकी घरं बघितली, इतकं सरबत प्यायले, की शेवटच्या घरी मी म्हटलं, काका, खोली राहू द्या. आधी बाथरूम कुठाय ते सांगा!"

मोबाइलमधली माणसं खो खो हसली. दिग्विजयही मांडीवर थाप मारून हसले. "अगदी तुम्हीच! डिट्टो!"

अनंतराव हसले नाहीत. त्यांचे कान तापले.

त्या दिवशी त्यांनी ती क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली आणि एखाद्या संशयास्पद दाव्यासारखी तपासली. पाहुण्यांचा निरोप? जुळतो. सरबत? जुळतं. पाटी? तीही जुळते. एका मुलीला आपण दोन-तीन वर्षांपूर्वी, मागच्या वेळी खोल्या रिकाम्या होत्या तेव्हा, परत पाठवलं होतं, तिलाही चष्मा होता. म्हणजे हीच ती! आपल्या घरी येऊन सरबत पिऊन गेली आणि आता गावभर आपलं हसं करते आहे!

मग त्यांना जिकडंतिकडं तेच दिसू लागलं. भाजीवाली गिऱ्हाइकाशी हसत होती आणि ते आले तशी गप्प झाली. बँकेतला कारकून त्यांच्याकडं पाहून जरा जास्तच हसला. चहाच्या गाड्यावरची पोरं खिदळली तेव्हा ते तिथंच थांबले आणि म्हणाले, "काय झालं?" पोरं बावचळून म्हणाली, "काही नाही आजोबा, क्रिकेटचं चाललंय." अनंतरावांचा विश्वास बसला नाही.

संध्याकाळी त्यांना आणखी एक धक्का बसला. तीच क्लिप त्यांच्या सुनेनं, ओवीनं, स्टेटसला ठेवली होती! मुलगा शौनक शिरवळच्या एका कारखान्यात होता आणि दोघं साताऱ्यात राहत. ओवी साताऱ्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायची. अनंतरावांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की ती क्लिपमधली मुलगी, आम्रपाली मोरे, त्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ओवीची मैत्रीणच!

"बघितलंस?" ते विनोदिनीबाईंवर कडाडले. "घरातूनच बातमी फुटली! सूनबाईंनी सांगितलं असणार सगळं. की तू सांगितलंस?"

विनोदिनीबाई हळद-कुंकवाचा डबा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मी काय सांगणार? आणि सांगण्यासारखं काय आहे त्यात? तुम्हीच म्हणता ना, मी काही चुकीचं करत नाही."

"चुकीचं नाहीच करत! घर माझं, मी कुणालाही देईन. पण म्हणून माझ्यावर लोकांनी हसायचं?"

"मग चला. रविवारी साताऱ्यात तिचा कार्यक्रम आहे. ओवीनं बोलावलंय आपल्याला."

बोलावलंय! का बोलावलं असेल? तोंडावर हसायला? अनंतराव रात्रभर विचार करत राहिले आणि सकाळी म्हणाले, "जाऊ." त्यांच्या मनात वेगळाच बेत होता. मोबाइलवर सगळं बोलणं टिपून घ्यायचं आणि ओळखीच्या वकिलाला नेऊन द्यायचं. बदनामीची एक नोटीस गेली, की बसेल गप्प.

कार्यक्रम पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एक दिवा, एक माइक, एक स्टूल. नेपथ्य म्हणावं असं काहीच नाही. कॉलेजची मुलं होती, नोकरदार जोडपी होती, काही वयस्क मंडळीही होती. ओवीनं सासऱ्यांसाठी पुढची खुर्ची धरली होती, पण ते म्हणाले, "मी मागं बसतो." शौनक हळूच म्हणाला, "बाबा, हसायला आलोय आपण, पंचनामा करायला नाही." अनंतरावांनी त्याच्याकडंही संशयानं पाहिलं. याला कळलं की काय? त्यांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि हाताची घडी घातली.

आम्रपाली आली. साधा कुडता, केस मागं बांधलेले. वर्गात उभी राहावी तशी उभी राहिली.

"मी मानसशास्त्र शिकवते. वर्गात विचारलं, माणूस का हसतो? एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे परीक्षेला आहे का? म्हटलं नाही. तर म्हणाला, मग हसू द्या ना!"

मुलं हसली. अनंतराव हॉलभर नजर फिरवत होते. कोण हसतं, कोण मागं वळून आपल्याकडं बघतं.

"माझी आई खटावात असते. ती म्हणाली, लोक तुझ्यावर हसत्यात आन्‌ त्याचं तू तिकीट लावतीस? म्हटलं, होय. तर म्हणाली, बरं केलंस बाई. तुझ्या आज्यावर लय हसलं गाव, सगळं फुकट!"

इथं हसू फुटलं, पण मध्येच अडखळलं. काही माणसांनी खाली पाहिलं. आम्रपाली पुढं सरकली.

"माझं आडनाव मोरे. या आडनावानं घरमालकांची फार पंचाईत होते. मोरे सगळ्यांत असतात ना! मग काका खोदायला लागतात. मोरे म्हणजे कुठले? म्हटलं साताऱ्याचे. साताऱ्यात कुठले? खटावचे. खटावात कुठल्या गावचे? गाव सांगितलं. गावात कुठल्या बाजूला? म्हटलं काका, अजून थोडे आत गेलात तर आमच्या चुलीपाशी याल! तर म्हणाले, अगं, तेच तर बघायचंय!"

हॉल दणाणला.

"मग विचारतात, तुमच्यात देव कुठला? मटण कोणत्या वारी? लग्नात हळद कधी लागते? मी म्हटलं, काका, खोली देताय की सोयरीक जमवताय?"

त्यानंतर पाहुण्यांचा किस्सा आला, सरबताचाही आला. अनंतरावांनी खिशातला मोबाइल चाचपला. टिपलं जातंय सगळं. शेजारच्या खुर्चीवर जाकीट घातलेले एक गृहस्थ होते. इतका वेळ पोट धरून हसणारे ते एकाएकी ताठ बसले होते आणि रुमालानं मान पुसत होते. पुढच्या रांगेत विनोदिनीबाई हसत होत्या, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. अनंतराव सरळ आम्रपालीकडं निघाले. पण त्यांच्या आधीच ते जाकीटवाले गृहस्थ तिच्यापाशी पोचले होते. ते दबक्या आवाजात म्हणाले,

"मॅडम, नाव नाही घेतलंत, उपकार झाले. पण ते सरबताचं तेवढं काढाल का? कसं आहे, आमच्या कॉलनीत लगेच ओळखतात हो."

"सर, आपली भेट कधी झाली होती?"

"म्हणजे... तुम्ही सदरबझारला आमच्याकडं आला नव्हतात?"

"नाही. मी साताऱ्यात कधी खोली शोधलीच नाही."

गृहस्थ अवघडले, काहीतरी पुटपुटले आणि चहा न घेताच जिन्याकडं वळले. अनंतराव मध्येच थांबले होते. पण आता माघार कशी घ्यायची? ते पुढं झाले.

"त्यांचं जाऊ द्या. सांगलीचं तर खरं आहे ना? विश्रामबाग. दुमजली घर. अनंत आगाशे म्हणतात मला. माझ्याकडं तुम्ही आला होतात, सरबत घेतलंत, आणि आज माझ्यावर पैसे कमावता!"

ओवी धावत आली. "बाबा!"

आम्रपालीनं तिला हातानंच थांबवलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी सांगलीत गणपती मंदिराच्या बाजूला खोली शोधत होते. विश्रामबागेत मी आलेच नाही."

"आलाच नाहीत?"

"नाही. आणि ओवीनंही मला काही सांगितलेलं नाही. तुमच्या घराला वरचा मजला आहे हे मला आत्ता कळतंय."

"मग ते काका कोण?"

"कुणीच नाहीत. सात-आठ घरांतला एकेक तुकडा घेऊन मी तो माणूस तयार केलाय. पण गंमत सांगू? प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, हे माझ्यावर होतं ना? कराडला दोघं एकदम आले होते!"

अनंतरावांना लख्ख दिसलं! आपल्यावर केलेला विनोद नव्हताच हा! आपण आपणहून, इतक्या लांब येऊन, गुन्हा कबूल करून बसलो होतो!

पण माणूस इतक्या सहज हरत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. पण दुसऱ्याची टिंगल करून हसायचं, यात कसला आलाय विचार? विनोद निर्मळ असावा."

"बसा ना काका," आम्रपालीनं खुर्ची ओढली. "आमच्या विषयात यावर फार जुना वाद आहे. काही जण म्हणतात, माणूस हसतो ते दुसरा पडला आणि आपण उभे आहोत म्हणून. आमच्या आज्यावर गाव हसलं ते हे हसू. काही जण म्हणतात, मनात कोंडलेलं असतं ते बाहेर पडायला वाट हवी असते, कुकरच्या शिट्टीसारखी. आणि काही म्हणतात, बोलणं एक आणि वागणं दुसरं, अशी विसंगती एकदम समोर आली की हसू येतं. पाहुणे येणार आहेत म्हणायचं आणि पाटी तशीच ठेवायची, ही विसंगती मी तयार केलेली नाही. मी फक्त तिच्यावर दिवा धरला."

"आणि लोक हसले. शिट्टी वाजली, वाफ गेली, लोक घरी गेले. उद्या तेच लोक आडनाव विचारणार. मग काय उपयोग झाला तुमच्या दिव्याचा?"

हे ऐकून आम्रपालीनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हीच शंका मलाही येते. खरं सांगू? जे फार मोकळेपणानं हसतात ना, त्यांचाच मला संशय येतो. ते समजतात की विनोद शेजाऱ्यावर आहे. तुमच्यासारखा भांडायला येणारा माणूस मला बरा वाटतो. त्याला लागलंय म्हणजे पोचलंय. हेच मी भाषणात सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता का ऐकायला? तक्रार केली की माणूस दार लावून घेतो. हसू कसं, आपण कबूल करायच्या आधीच बाहेर येतं. ते आलं की दार जरा उघडं राहतं, बस."

"मी हसलोच नाही," अनंतराव ताठपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं दोघं सांगलीला निघाले. कराड गेल्यावर विनोदिनीबाईंचा डोळा लागला. अनंतरावांनी कानात इअरफोन घातला आणि खिशातून केलेलं रेकॉर्डिंग ऐकू लागले. वकिलाकडं आता जायचं नव्हतं, पण सवय जाईना. आवाज दबका होता. "...अजून थोडे आत गेलात तर आमच्या चुलीपाशी याल! तर म्हणाले, अगं, तेच तर बघायचंय!" आणि मग मोबाइलच्या अगदी जवळ, सगळ्या हॉलच्या आवाजावर, एक गडगडाटी हसणं ऐकू आलं.

त्यांनी तो भाग मागं नेऊन पुन्हा ऐकला. जाकीटवाले? नाही. ते उजव्या बाजूला होते, इतकं जवळचं हसणं त्यांचं नसणार. मग हे कोण? आणि त्यांना कळलं. ते स्वतःच! ते हसले होते. मोठ्यानं, मनापासून, पकडले जाण्याच्या आधी.

आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी कारणं पकडणाऱ्या माणसाच्या हाती अखेर स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा आला होता. तोही स्वतःच गोळा केलेला.

त्यांनी विनोदिनीबाईंना हलवलं. "मी हसलो होतो गं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. तुमचं हसणं ओळखत नाही का मी?"

"तू मात्र रडत होतीस."

विनोदिनीबाईंनी खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "सरबत मीच करत होते ना. तुम्ही विचारलेलं आडनाव ऐकू आलं की मला आत कळायचं, आता हे नाही म्हणणार. मग मी त्या ग्लासात साखर जरा जास्त घालायची. मला वाटायचं, तेवढीच भरपाई. किती खोटं वागलो हो आपण!"

'तुम्ही' नाही म्हणाल्या, 'आपण' म्हणाल्या. अनंतरावांनी त्यांचा हात हातात घेतला. घरी पोचल्यावर त्यांनी ओवीला फोन केला. तुझ्यावर उगाच संशय घेतला, एवढंच म्हणाले. ओवी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी पुढं बसा."

त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, एक पस्तिशीचा माणूस मोटारसायकल फाटकाशी लावून आत आला. अंगावर कामाचे कपडे, हात धुतलेले पण नखांत काळं.

"नमस्कार काका. मी महेंद्र. कुपवाडला कारखान्यात टर्नर हाय. बायको हितंच एका दवाखान्यात नर्स हाय, म्हून या बाजूला बगतोय. एक पोरगी हाय, दुसरीत."

अनंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. जिभेवर तो प्रश्न सवयीनं येऊन उभा राहिला, आणि त्यांना स्वतःलाच तो त्या हॉलमधल्या माइकवरून ऐकू आल्यासारखा झाला. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. भाडं सांगितलं, अनामत सांगितली, पाणी कधी येतं ते सांगितलं. वर नेऊन खोल्या दाखवल्या.

महेंद्रनं सगळं पाहिलं. नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडल्या. खोल्या त्याला आवडल्या होत्या हे दिसत होतं. पण खाली आल्यावर तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याच्या डोळ्यांत संशय आला.

"काका, राग मानू नका. तुमी आडनाव न्हाई इचारलं."

"नाही विचारलं."

"का?"

अनंतराव चष्म्याची काडी सारखी करू लागले. महेंद्र म्हणाला, "आवं, आदीच इचारलेलं बरं असतं. मागल्या घरमालकानं इचारलं न्हाई. आमाला वाटलं, देवमाणूस. आन्‌ दोन म्हैन्यांनी कळल्यावर सामान बाहीर काडायला लावलं. पोरीची शाळा मधीच सुटली. म्हून मीच सांगतो. होवाळ. बौद्ध हाय आमी." त्यानं अनंतरावांकडं रोखून पाहिलं. "आता सांगा, पाहुणं येनार हायत का तुमच्याकडं?"

अनंतराव दचकले. "तुम्ही पण ती क्लिप पाहिलीत?"

"कसली क्लिप?"

महेंद्र खरोखरच गोंधळला होता. त्यानं कुठलीच क्लिप पाहिली नव्हती. त्याला पाहुणे माहीत होते ते या गावातल्या दारादारांतून! ज्या वाक्यावर साताऱ्यातला हॉल पोट धरून हसला होता, ते वाक्य या माणसाच्या तोंडी साधा व्यवहाराचा प्रश्न होऊन आलं होतं. त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं.

अनंतराव खुर्चीत पुढं सरकले. "महेंद्र, कुणी पाहुणे नाहीत," ते म्हणाले. "कधीच नव्हते. फार जणांना मी तसं सांगितलं, पण कुणीही येणार नव्हतं. तुम्ही या."

महेंद्रनं त्यांच्याकडं पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता, आणि विश्वास लगेच ठेवला जाईल अशी अपेक्षा करण्याचा अनंतरावांना हक्क नव्हता. तेवढ्यात विनोदिनीबाई बाहेर आल्या. "उद्या तुमच्या मिसेसना घेऊन या. ओटा जरा उंच आहे, त्यांना चालतो का बघू दे. आणि करार लेखी करून घ्या हो. पक्का असलेला बरा."

"व्हय, लेखी पायजेच," महेंद्र म्हणाला. मग जरासा हसला. "बगू उद्या."

होवाळ कुटुंब तिथं राहायला आलं. विनोदिनीबाई आणि महेंद्रची बायको यांचं पटकन जमलं. महेंद्र मात्र बरेच दिवस अंतर राखून होता, आणि अनंतरावांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

पण गोष्टीचा अवघड भाग पुढंच होता. एके सकाळी बागेत नेहमीची मंडळी बसली होती. दिग्विजय रंगात आले होते. त्यांनी एक विनोद सांगितला. एका विशिष्ट समाजातल्या डॉक्टरवरचा. तो विनोद इथं लिहिण्याच्या लायकीचा नाही. तुम्हीही तो कुठंतरी ऐकला असेल. मंडळी हसली. अनंतरावही अशा विनोदांना वर्षानुवर्षं हसत आले होते. आज ते हसले नाहीत.

"दिग्विजय, मला कळला नाही. समजावून सांग."

"काय काका! अहो, म्हणजे तो डॉक्टर त्यांच्यातला ना..."

"कुणातला?"

"त्यांच्यातला हो. मग त्याला ऑपरेशन..."

"का? त्यांच्यातल्या डॉक्टरला ऑपरेशन का जमणार नाही?"

"जमणार नाही असं नाही... पण विनोद आहे हो हा!"

"तेच विचारतोय. हसायचं नक्की कशाला?"

दिग्विजय उत्तर शोधू लागले. समजावताना तो विनोद उलगडत गेला, आणि उलगडल्यावर आत विनोद नव्हताच. नुसता तिरस्कार होता, तोही शिळा! मंडळींतले एक निवृत्त पोस्टमास्तर, जे सगळ्यात मोठ्यानं हसले होते, ते बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधू लागले. शेवटी दिग्विजय चिडून म्हणाले, "काका, वरच्या मजल्यानं तुमचं डोकं फिरवलं. विनोदच कळेनासा झालाय तुम्हाला!"

"कळायला लागलाय रे," अनंतराव म्हणाले, "म्हणून तर हसू येत नाही."

दिग्विजय उठून गेले. पुढं बरेच दिवस ते अनंतरावांशी बोलले नाहीत. कट्ट्यावरची एक-दोन माणसंही दुसऱ्या बाकावर बसू लागली. पण त्या सकाळी सगळे पांगल्यावर पोस्टमास्तर तिथंच थांबले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "आगाशे, त्या पोरीचा कार्यक्रम पुन्हा कधी आहे? आमचीही एक खोली रिकामी आहे."

वाचकहो, हसणं ही फार छान गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती जपून करायची गोष्ट आहे. आपण कुणावर हसतो यावरून आपण कुणाला माणूस समजतो हे कळतं. खाली पडलेल्याला बघून येणारं हसू आवरलं पाहिजे, आणि आपल्याच ढोंगावर येणारं हसू येऊ दिलं पाहिजे. एखादा विनोद जिव्हारी लागला, तर तो कुणी सांगितला, कुणी बातमी फोडली, याचा तपास करू नका. तो नेमका कुठं लागला, ते पाहा. आणि एखाद्या माणसाला त्याच्या जन्मावरून कमी लेखणारा विनोद चारचौघांत कुणी सांगितला, तर भांडू नका, ओरडू नका. फक्त हसू नका, आणि शांतपणे म्हणा, "मला कळला नाही, समजावून सांगा." इतकं धैर्य आपल्यातल्या प्रत्येकापाशी आहे!